ड्रोन शेपटीवर बसतंय, ताई!

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की सध्या माझ्या टेबलावर रीपर या अमेरिकी लष्करी ड्रोनचं १/४८ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं, प्लॅस्टिकचं मॉडेल पडलंय आणि त्यानं माझा घाम काढलाय. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांचा सूर एकच : ड्रोनसारखं सोपं किट नाही, ना कॉकपिट, ना वैमानिक, ना काचेची छत्री, मूठभर तुकडे आणि एक संध्याकाळ. गंमत म्हणजे असं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुढच्याच ओळीत आपली अडचण मांडली आहे.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच : मी डेंटल टेक्निशियन. एकतीस वर्षं कवळ्या घडवल्या, आता फक्त विमानं घडवते. हत्यारं बरीचशी तीच आहेत, चष्मा तेवढा वाढलाय.

प्रश्न : १/७२ चं रीपर जोडून झालं. चाकांवर ठेवलं की पुढचं चाक हवेत आणि शेपूट टेबलावर. पुढचं चाक पाटाला गोंदानं चिकटवून टाकलं तर चालेल का, ताई?

चालेल, पण मग ते विमान जन्मभर त्या पाटाचं. त्याआधी थोडं ऐका.

रीपर काय किंवा त्याच्या आधीचं प्रिडेटर ड्रोन काय, दोघांचं इंजिन आणि पंखा मागे. खऱ्या विमानाच्या नाकात कॅमेरे, उपग्रहाशी बोलणारी थाळीसारखी अँटेना आणि इलेक्ट्रॉनिक्सचे डबे ठासून भरलेले असतात, म्हणून त्याचा तोल राहतो. आपल्या किटचं नाक म्हणजे अंड्याचं रिकामं टरफल. मागे पंखा, शेपटीची पाती, पंखांचा मागचा भाग. सगळं वजन मुख्य चाकांच्या मागे जातं आणि विमान बूड टेकून बसतं. किटबरोबरच्या कागदावर कधीकधी ‘नाकात अमुक ग्रॅम वजन घाला’ असं लिहिलेलं असतं, पण त्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही.

मी काय करते सांगते. काहीही चिकटवण्याआधी धडाचे दोन्ही भाग, पंख, शेपूट सगळं कागदी टेपनं नुसतं बांधते. टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवते आणि मुख्य चाकं जिथे येणार ती जागा बरोबर पेन्सिलीवर टेकवते. मग नाकावर टेपनंच एकेक पोलादी गोळी चिकटवत जाते. नाक खाली गेलं की गोळ्या मोजायच्या आणि त्यावर पाव हिस्सा आणखी घ्यायच्या. वजन जितकं पुढे तितकं कमी पुरतं, म्हणून गोळ्या नाकाच्या अगदी टोकाला बसवा. फक्त त्याआधी पुढच्या चाकाचा कप्पा आत बसवून पाहा. एकदा मी गोळ्या भरून नाक बंद केलं आणि कप्पा हातातच राहिला.

तुमचं धड तर चिकटवून झालंय. तरी वाट आहे. नाकाखाली कॅमेऱ्याचा गोळा बसतो त्या जागी भोक पाडा, तिथून बारीक गोळ्या आत सोडा, नाक खाली करून विमान उभं धरा आणि वरून पातळ सुपरग्लूचे थेंब टाका. भोक नंतर कॅमेऱ्याच्या गोळ्याखाली झाकलं जाईल.

आता एक ताकीद. वजनासाठी शिशाचे छर्रे वापरून वर पांढरा गोंद ओतू नका. मी ओतला होता. प्रिडेटरचं नाक, सुबक सांधा, रंग झालेला, विमान कपाटात. दोनेक वर्षांनी धूळ पुसायला काढलं तर नाकाचा सांधा आतून उकललेला, आणि फटीतून पिठासारखी पांढरी भुकटी बाहेर येत होती. पांढऱ्या गोंदातून सुटणारी ॲसिटिक आम्लाची वाफ आणि हवेतला ओलावा यांनी शिसं हळूहळू गंजतं, त्याचं पांढरं कार्बोनेट बनतं, आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा मागतं. बंद नाकात जागा कुठली? फुटलं. ती भुकटी विषारी असते, फुंकर मारून उडवायची नाही. मी ती ओल्या फडक्यानं टिपली आणि अख्खं विमान टाकून दिलं. तेव्हापासून सायकलच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या आणि एपॉक्सी. टंगस्टनची पुट्टी मिळाली तर उत्तमच, ती थोड्या जागेत भागवते.

वजन वाढलं की पाय वाकतात, हे त्याच्या मागोमाग येणारं दुखणं. पुढच्या पायात अर्ध्या मिलिमीटरची पोलादी तार ओवता आली तर आत्ताच ओवा.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. माझ्या प्रिडेटरची शेपटीची पाती चित्रात खाली आहेत. माझ्या मित्राच्या ड्रोनची वर आहेत. तो म्हणतो मी उलटी लावली. कोण बरोबर?

दोघंही बरोबर, कारण दोघांची विमानं वेगळी आहेत. तुझं प्रिडेटर, एमक्यू-१. त्याची पाती उलट्या ‘व्ही’सारखी खाली झुकलेली. मित्राचं बहुधा रीपर, एमक्यू-९. त्याची पाती सरळ ‘व्ही’सारखी वर आणि शेपटीखाली एक तिसरं पातं. प्रिडेटरच्या खाली झुकलेल्या पात्यांचा एक फायदा असा की उडताना किंवा उतरताना नाक जास्त वर गेलं तर पाती आधी जमिनीला लागतात आणि मागचा पंखा वाचतो.

मित्राला आणखी दोन गोष्टी सांग, म्हणजे तो गप्प बसेल. प्रिडेटर १९९४ साली पहिल्यांदा उडालं आणि त्याला रोटॅक्स ९१४ हे ११५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, तशीच रोटॅक्स इंजिनं हौशी लोकांच्या हलक्या विमानांतही असतात. रीपरला ९०० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप. म्हणून रीपर थोरला, तुझा धाकटा. पण आधी थोरल्याचा जन्म व्हावा तसं इथे झालं नाही. धाकटा आधी आला.

प्रश्न : एका रविवारी किट जोडून रंगवलंसुद्धा. लांबून बरं दिसतं, पण जवळ गेलं की खेळणं वाटतं. तपशिलात कुठेही चूक नाही. मग काय चुकतंय?

तुमचं पत्र वाचून मी फोटो तीनदा पाहिला. चूक तपशिलात नाहीच. सांध्यात आहे.

लढाऊ विमानाच्या मॉडेलकडे माणूस पाहतो तेव्हा नजर आधी कॉकपिटमध्ये जाते. खुर्ची, पट्टे, घड्याळं, वैमानिकाचं शिरस्त्राण. तिथे नजर रमली की पाठीवरचा ओबडधोबड सांधा माफ होतो. ड्रोनला हा आडोसाच नाही. गुळगुळीत फुगीर नाक, लांब धड, लांब सडपातळ पंख. नजरेला थांबायला काही नसतं, म्हणून ती धडावरून घसरत जाते आणि सांध्याला अडखळते. बरं, किटमध्ये धडाचे दोन भाग नेमके नाकाच्या माथ्यावरून जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यात दिसणाऱ्या जागी.

कवळीत दात बसवल्यावर एखाद्या ठिकाणी केसाएवढी पायरी राहिली तर डोळ्याला दिसत नाही, पण माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, जिभेला लागतंय म्हणून. इथे नजर म्हणजे जीभ. हिशेब करून पाहा : १/४८ मापात ०.२ मिलिमीटरची पायरी म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ १ सेंटिमीटरची. असं विमान कुणी उडवेल का?

तुमची घाई इथे झाली. सांधा एका दिवसात होत नाही. प्लॅस्टिकचा पातळ गोंद हा खरं म्हणजे गोंदच नाही, तो प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. गोंद लावून, क्षणभर थांबून दोन्ही भाग एकमेकांवर दाबा, म्हणजे विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड सांध्यातून वर येते. ती वर आली म्हणजे सांधा आतपर्यंत भरला. आता हात लावायचा नाही. मी तीन दिवस ठेवते. दुसऱ्याच दिवशी घासलं तर आत अजून मऊ असतं, आणि महिनाभरानं, रंग झाल्यावर, तिथे एक नाजूक खळी पडते. तुमच्या फोटोत नाकावर दिसतेय ती हीच.

तीन दिवसांनी ब्लेड जवळजवळ उभं धरून, कापायचं नाही, नुसतं खरवडायचं. ती कड गेली की वॉटरपेपर : ४००, मग ६००, मग १०००, प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. पाण्यानं भुकटी उडत नाही आणि कागद चोंदत नाही. कागद बोटानं दाबून घासू नका. बोट मऊ, ते खळग्यात शिरतं आणि खळगा आणखी खोल करतं. जुन्या खोडरबराभोवती कागद गुंडाळा. नाकाच्या गोलाईवर मात्र एका दिशेनं न घासता, बूट पॉलिश करताना फडकं ओढतात तसा कागदाचा पट्टा गोलाईवरून ओढा, नाहीतर माथा सपाट होतो आणि रंगाखाली तो सपाटपणा टकलासारखा चमकतो.

आणि मोटर लावू नका, कृपा करून. मी कवळ्यांना मोटरवरच्या नमद्याच्या चाकानं चकाकी आणायचे, त्याच गुर्मीत पहिल्या ड्रोनवर चाक टेकवलं. कवळीचं ॲक्रिलिक उष्णता सोसतं, किटचं पॉलिस्टायरीन सोसत नाही. एका सेकंदात नाकावर नांगरटीसारखी चरी पडली आणि खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

फट उरलीच तर लांबी (पुट्टी) भरा, पण बारीक फटीला मला सुपरग्लू जास्त भावतो. एक अट : तो तासाभरात घासून घ्या. रात्रभर ठेवला की तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो, आणि मग कागद प्लॅस्टिक खातो, गोंद तसाच उंचवट्यावर राहतो.

शेवटी सांध्यावर चंदेरी रंगाचा एक पातळ हात द्या. चंदेरी रंग काही लपवत नाही. जिथे रेघ दिसेल तिथे परत कागद. माझ्या रीपरचं नाक चार फेऱ्यांत साफ झालं, पाचवी केली ती केवळ हट्टानं.

प्रश्न : मी रणगाडे बनवतो. पहिल्यांदाच रीपर केलं आणि पंखांच्या कडांवर चंदेरी पेन्सिलीनं उडालेला रंग दाखवला, पॅनेलच्या रेघांत काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोडला. मित्र म्हणतात जरा जास्तच झालं. तुमचं मत?

मित्र सौम्य आहेत. रंग उडाला तर खाली धातू दिसतो, हा रणगाड्याचा नियम. प्रिडेटर आणि रीपरची अंगं मुख्यतः तंतू आणि राळ मिळून बनलेल्या कंपोझिटची. वरचा रंग उडाला तर खालचा प्राइमर दिसेल, नाहीतर कंपोझिटचा स्वतःचा रंग, पण चांदी चमकणार नाही. नाकावर तर नाहीच नाही. त्या फुगाऱ्याखाली उपग्रहाची अँटेना आहे. तो धातूचा असता तर रेडिओलहरी आरपार गेल्याच नसत्या. चाकांचे पाय, पंख्याच्या पात्यांच्या कडा, क्षेपणास्त्रं अडकवायचे आकडे, इथे धातू आहे, तिथे हवी तेवढी हौस भागवा.

काळ्या रेघांचंही तेच. कंपोझिटचे मोठमोठे भाग साच्यातून एकसंध निघतात, रिव्हेटच्या रांगा आणि पत्र्यांचे तुकडे फार कमी. किट बनवणारे सवयीनं खोल रेघा कोरतात. १/७२ मापात ०.३ मिलिमीटर रुंद रेघ म्हणजे खऱ्यात २ सेंटिमीटरहून मोठी फट. त्यात काळं भरलं की फरशीची ठिगळं जोडल्यासारखं दिसतं. मी निम्म्या रेघा लांबीनं बुजवते आणि उरलेल्यांत मूळ राखाडीपेक्षा एकच छटा गडद राखाडी सोडते. झाकणं, देखभालीची दारं, हलणाऱ्या पात्यांचे सांधे तेवढे उठून दिसू देते. बाकी अंग कोरं राहू द्या. रणगाडेवाल्याला हे जड जाणार, ठाऊक आहे मला.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाहीत तरी : पत्रात तुम्ही ‘एफएस नंबर जुळतो पण रंग जुळत नाही’ असं एका वाक्यात कुरकुरला आहात. एफएस म्हणजे फेडरल स्टँडर्ड, रंगांना क्रमांक देण्याची अमेरिकी पद्धत. त्याच्या पाच आकड्यांतला पहिला आकडा पाहा. १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धवट चमक, ३ म्हणजे मंद. दुसरा आकडा रंगाचं कूळ सांगतो, राखाडीचं ६. तेव्हा ३६३७५ आणि १६३७५ हा राखाडी एकच, चमक वेगळी. आणि चमक वेगळी असली की डोळा शपथेवर सांगतो रंग वेगळा आहे.

प्रश्न : कॅमेऱ्याच्या गोळ्यावरच्या भिंगांना मी पारदर्शक निळा रंग दिला. माशाच्या डोळ्यांसारखं दिसतंय.

माशाचे डोळे फार सुंदर असतात, पण ते असो. सगळी भिंगं एकसारखी रंगवलीत हीच गफलत. त्या गोळ्यात एक कॅमेरा नसतो. दिवसाउजेडी पाहणारा वेगळा, उष्णता पाहणारा वेगळा, शिवाय लेझर. दिवसाच्या कॅमेऱ्याची काच आपल्या ओळखीची, गडद आणि खोल. उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांच्या खिडक्यांना बऱ्याचदा जर्मेनियम वापरतात, आणि जर्मेनियममधून आपल्या डोळ्यांना आरपार काहीच दिसत नाही. ते काळपट धातूच्या आरशासारखं असतं. म्हणजे तिथे पारदर्शक रंग मुळातच चूक.

मी असं करते : सगळ्या खिडक्या आधी काळ्या. मोठीवर बंदुकीच्या नळीच्या रंगाचा धातुरंग, कोरड्या कुंचल्यानं, अगदी कणभर. दुसरीवर काळ्यावरच तपकिरी-लाल पारदर्शक रंगाचा एक पुसट हात. तिसरी नुसती काळी. मग प्रत्येकीवर सुईच्या टोकानं यूव्ही रेझिनचा (अतिनील उजेडात घट्ट होणाऱ्या राळेचा) थेंब, इतका लहान की कडेला लागू नये, आणि दिव्याखाली धरायचं. यूव्ही रेझिन आम्ही दातांत रोज वापरायचो, त्यामुळे हे काम करताना मला उगाच कुणीतरी ‘आ’ करून बसलंय असं वाटतं.

प्रश्न : माझ्या किटच्या खोक्यावर ‘आरक्यू-१’ लिहिलंय, पण आत दोन हेलफायर क्षेपणास्त्रं आहेत. लावू की नको? लावली तर रंग कोणता?

‘आर’ म्हणजे टेहळणी, ‘एम’ म्हणजे बहुउद्देशी, ‘क्यू’ म्हणजे मानवरहित. प्रिडेटर आधी फक्त पाहायचं काम करायचं, म्हणून आरक्यू-१. २००१च्या फेब्रुवारीत त्याच्यावरून पहिल्यांदा हेलफायर डागून पाहिलं आणि २००२मध्ये नाव बदलून एमक्यू-१ झालं. नव्वदच्या दशकातलं विमान दाखवायचं असेल तर पंख मोकळे ठेवा. त्यानंतरचं असेल तर दोन लावा, प्रत्येक पंखाखाली एक, आणि डेकलमधला (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमधला) ‘आर’ काढून ‘एम’ चिकटवा.

क्षेपणास्त्राचं अंग काळपट हिरवं. त्यावर पिवळा पट्टा असेल तर आत खरा स्फोटक दारूगोळा, तपकिरी पट्टा म्हणजे रॉकेटची मोटर. सराव आणि प्रशिक्षणाच्या निरुपद्रवी नगांना निळा रंग. १/७२ मापात अख्खं हेलफायर सव्वादोन सेंटिमीटर, त्यावर पट्टा रंगवायला बसू नका. डेकलच्या कोऱ्या कागदावर पिवळा रंग फासा, वाळला की धारदार ब्लेडनं अर्ध्या मिलिमीटरची पट्टी कापा आणि गुंडाळा.

प्रश्न : रीपरचे पंख खोक्यातूनच वाकडे निघाले. एक वर, एक खाली.

लांब सडपातळ पंखांचं हे नेहमीचंच. हात भाजणार नाही इतपत अंतर ठेवून सांगते : पाणी उकळतं नको. पॉलिस्टायरीन शंभराच्या आसपास लुळं पडतं आणि मग पंख परत पंख होत नाही. उकळून पाच-सात मिनिटं थांबलेलं पाणी, त्यात पंख अर्धा मिनिट, बाहेर काढून हलक्या हातानं हवा तसा धरायचा, आणि तसाच थंड पाण्याखाली. एका वेळी थोडंच वळवा, चार वेळा करा. जोडताना दोन्ही टोकांखाली पत्त्यांचे सारखेच पत्ते रचून ठेवा; माझ्या १/४८ रीपरचा पंखविस्तार ४२ सेंटिमीटर आहे, इतक्या अंतरावर डोळ्याचा अंदाज हमखास फसतो. मुळाशी दीड मिलिमीटरची धातूची सळी आडवी घातलीत तर पुढे झुकणारही नाहीत.

प्रश्न : तुमचं सदर मी आणि माझा मुलगा दोघं वाचतो. पण यावेळी खटकलं. दूर कुठेतरी खुर्चीत बसून बटण दाबायचं आणि माणसं मरायची, असं हे यंत्र. ते शोभेची वस्तू म्हणून कपाटात कसं ठेवता?

तुमचं पत्र मी दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. उत्तर टाळायला नाही, पण पटकन लिहिलेलं उत्तर खोटं निघालं असतं.

तोफा, रणगाडे, बाँबफेकी विमानं मी वर्षानुवर्षं बनवली, तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. जुन्या युद्धांवर धूळ बसलेली असते. ड्रोनवर ती बसलेली नाही, म्हणून खटकतं, आणि खटकावंच. रीपर म्हणजे कापणी करणारा. नाव ठेवणाऱ्यांनीसुद्धा काही लपवलेलं नाही.

मी एक केलं. रीपरच्या शेजारी त्याच मापाचा एक डबा बनवला. जमिनीवरचं नियंत्रण केंद्र. त्याची एक बाजू उघडी ठेवलीय, आत डोकावता येतं. आत दोन खुर्च्या, एक वैमानिकाची, एक कॅमेरे सांभाळणाऱ्याची, समोर पडदे. खुर्च्या रिकाम्या ठेवल्यात. माणसं बनवली होती, बसवली नाहीत. घरी येणारी माणसं विमान पाहतात, ‘वा’ म्हणतात, मग डब्यात डोकावतात आणि विचारतात, हे कुठे असतं? विमानाजवळच का? मग सांगावं लागतं की उडवणारे आणि उतरवणारे धावपट्टीजवळ असतात, पण मधलं सगळं काम बऱ्याचदा हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेत नेवाडातल्या क्रीच तळासारख्या ठिकाणी बसून चालतं. त्यानंतरचं संभाषण विमानाच्या रंगाबद्दल नसतं.

ज्या प्रिडेटरनं २००१मध्ये अफगाणिस्तानात क्षेपणास्त्रं डागली, ते ३०३४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या संग्रहात आहे. ते शोभेसाठी ठेवलंय की साक्षीसाठी, हे पाहणाऱ्यानं ठरवायचं. मुलाबरोबर बनवायला काही हवंच असेल आणि शस्त्र नको असेल, तर पायोनियर हे टेहळणीचं ड्रोन बनवा. अवघा ५ मीटरचा पंखविस्तार, दोन शेपटदांड्या, हत्यार नाही. १९९१च्या आखाती युद्धात विस्कॉन्सिन या युद्धनौकेवरून उडालेलं पायोनियर कुवेतच्या फैलाका बेटावर घिरट्या घालत होतं, तेव्हा खालच्या इराकी सैनिकांनी त्या यंत्राकडे पाहून आपण शरण येत असल्याची खूण केली. त्यांना माहीत होतं की हे दिसलं की मागून युद्धनौकेच्या तोफा येतात. मुलाला ही गोष्ट सांगा आणि तो काय म्हणतो ते मला कळवा. मला ते खरंच वाचायचंय.

प्रश्न : डेकलच्या कडेला चंदेरी झाक येते. वैतागलेय.

डेकलखाली हवा अडकते, तीच चमकते. खरखरीत मंद रंगावर डेकल लावू नका, आधी चकचकीत वार्निश. लावून झालंय तर झाक दिसेल तिथे सुईनं टोचे मारा आणि डेकल मऊ करणारं द्रावण वरून सोडा. फुगलं, सुरकुतलं तरी हात लावू नका, आपोआप बसतं. सगळं झाल्यावर मंद वार्निश.

प्रश्न : मावशी, मीच तो सातवीतला. मित्राला सांगितलं, तो गप्प बसला. पण चिमट्यातून पंखा उडाला आणि सापडत नाहीये. आई झाडू मारणार आहे.

आईला थांबव, आधी ते. खोलीत अंधार कर आणि टॉर्च जमिनीवर आडवी ठेवून पेटव. कणाएवढ्या तुकड्याचीही लांब सावली पडते. टेबलाखाली शोधू नकोस, चिमट्यातून सुटलेली वस्तू तिथे कधीच पडत नसते; तू बसला होतास त्याच्या मागे शोध, शर्टाच्या घडीत आणि मांडीखालीसुद्धा पाहा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून बांध आणि मग फिरव, पंखा मोज्यावर येऊन चिकटेल.

नाहीच सापडला तर प्रिडेटरला दोनच पाती लागतात. किटचे भाग ज्याला लटकून येतात त्या सांगाड्याचा रिकामा तुकडा मेणबत्तीपासून जरा वर धरून मऊ कर, हे आईसमोरच, पक्कडीनं चपटा कर, आणि कापताना थोडी पीळ दे. एक पातं आधी कर, दुसरं त्याच्यावर ठेवून कोर. आणि पुढच्या वेळी चिमटा असा आवळू नकोस, तो दात उपटायचा सांडसा नाही.